विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ वाचायला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विभावरी शिरूरकर हे नाव आमच्या पिढीला परीक्षेपुरतं ठाऊक. टोपणनाव, खरं नाव मालतीबाई बेडेकर, १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह, त्यावरून उठलेला गदारोळ. एवढं लिहिलं की मार्क मिळायचे. पुस्तक मात्र कुणी हातात दिलं नाही. गेल्या पावसाळ्यात वाचनालयाच्या मागच्या कपाटात त्यांची ‘बळी’ ही कादंबरी मिळाली. पुठ्ठा निघालेला, पण पानं शाबूत. दुसऱ्या दिवशी सकाळचा स्वयंपाक सुनेनं केला, यावरून काय ते समजा!

मी सोलापूरची, निवृत्त परिचारिका. आमच्याकडचा सेटलमेंट भाग सगळ्यांना माहीत आहे. इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पुढे त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. हजेरी लावायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. सोलापूरच्या या वसाहतीत मालतीबाई सरकारी अधिकारी होत्या. तिथं पाहिलेलं मांग-गारुडी या जमातीचं जगणं त्यांनी ‘बळी’त मांडलं, तेही १९५० साली. कायदा रद्द झाला १९५२ मध्ये.

मालतीबाईंना पगार देत होतं ते कुंपण सांभाळणारं सरकारच. ही गोष्ट ध्यानात ठेवून वाचलं की त्यांची हिंमत कळते. कळवळ्याचे उमाळे नाहीत, कुणाला देवमाणूस केलेलं नाही. वस्तीतली भांडणं झाकलेली नाहीत, तसा सुधारणा करायला आलेल्यांचाही मुलाहिजा ठेवलेला नाही. भाषा काही ठिकाणी जुनी वाटते. पहिली काही पानं नेटानं वाचावी लागतात, हेही सांगून ठेवते.

नोकरीत असताना या वस्तीतल्या बाया लसीसाठी पोरं घेऊन यायच्या. रजिस्टर उघडून नाव-पत्ता विचारला की गप्प व्हायच्या. आम्ही ते अडाणीपणावर ढकलायचो. ज्यांच्या आजी-आजोबांचं आयुष्य हजेरीच्या वहीत गेलं, त्यांना वही दिसल्यावर काय वाटत असेल, हा विचार ‘बळी’ वाचताना पहिल्यांदा मनात आला.

‘बळी’नंतर ‘हिंदोळ्यावर’ वाचावी. १९३४ साली एका बाईनं लग्नाबाहेरच्या नात्याबद्दल असं लिहावं, याचं आजही नवल वाटतं. मालतीबाईंचे पती विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ कादंबरीवर आपल्याकडे भरभरून बोललं जातं, आणि ते रास्तच आहे. त्याच घरातल्या दुसऱ्या लेखणीचं नाव घेताना मात्र ‘त्यांच्या पत्नी’ एवढ्यावर का थांबावं?

आपल्या रविवार पुरवणीत नव्या पुस्तकांची परीक्षणं मी नेमानं वाचते. महिन्यातून एक जागा अशा जुन्या कादंबरीला द्यावी. सुरुवात ‘बळी’पासून केलीत तर सोलापूरकर म्हणून विशेष आनंद होईल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर