सत्यनारायणाला मी का बसले नाही

महाल, नागपूर

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचं पत्र मिळालं. चार पानं, पाठपोट, शाईच्या पेनानं. एवढं लांबलचक पत्र हल्ली कोणी लिहितं का! दोनदा वाचलं. शेवटी आईच्या तीन ओळी होत्या, त्या मात्र पुन्हा पुन्हा वाचल्या. "तू पूजेला बसली नाहीस ते माझ्या जिवाला लागलं. देवानं तुझं काय वाकडं केलं?"

आई, माझं त्यानं काहीच वाकडं केलेलं नाही. नोकरी आहे, राहतं घर आहे, जावई तुझ्या शब्दाबाहेर नाही. माझ्यापुरतं पाहिलं तर मी रोज एक नारळ फोडायला हवा. पण माझ्यापुरतं पाहायचं कसं, हाच प्रश्न आहे.

श्रावणात तुम्ही आलात, बाबांचे गुडघे वाकत नव्हते म्हणून पाटावर आम्ही दोघांनी बसावं असं ठरलं, आणि गुरुजी येऊन बसल्यावर मी नाही म्हटलं. वेळ चुकीची होती हे कबूल. शेजारच्या काकू-काकांनी बाजू सांभाळली, प्रसादाचा शिराही झकास झाला होता. पण कथा मी दारात उभी राहून पूर्ण ऐकली. साधुवाणी नवस बोलून विसरला, म्हणून तो तुरुंगात, आणि त्याच्यासोबत जावईही. जावयाचा काय गुन्हा? कलावती नवरा परत आला म्हणून प्रसाद टाकून धावली, तर त्याची नावच बुडाली. या देवाच्या शक्तीबद्दल मला शंका नाही. नाव बुडवतो, पुन्हा वरही आणतो. पण एवढी शक्ती असलेला रुसतो कशावर, तर शिऱ्यावर. आणि ज्यावर त्यानं खरोखर पेटून उठायला हवं, ते हॉस्पिटलमधल्या माझ्या वॉर्डात आठवड्याचे सातही दिवस चाललेलं असतं.

बाबा, तुम्ही लिहिलंत की हा आक्षेप नवा नाही, ब्रह्मसूत्रांत बादरायणांनी तो स्वतःच काढून ठेवलाय. देवावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा दोष येतो का, तर येत नाही, कारण तो जिवाच्या कर्माकडे पाहून फळ देतो. शंकराचार्यांचा पावसाचा दाखलाही तुम्ही दिलात. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, साळीची साळ उगवते आणि जवाचा जव, तो फरक बियाण्याचा. संस्कृतच्या मास्तरांना शोभेल असंच उत्तर आहे. आणि पहिलं कर्म कुठून आलं, असं मी विचारीन म्हणून संसार अनादि आहे हेही पुढच्याच वाक्यात लिहून मोकळे झालात!

पण मग तो सर्वशक्तिमान कसा? कर्माच्या वहीत लिहिलंय तेवढंच ज्याला देता येतं, एक आणा कमी नाही की जास्त नाही, तो तहसील कचेरीतला कारकून झाला. कारकुनाला मी नमस्कार करीन, माणूस म्हणून. त्याची आरती कशाला करू? आणि वही बाजूला सारायची ताकद त्याच्यात आहे असं म्हणाल, तर मग सारत का नाही, हा प्रश्न होता तिथेच राहिला.

हे झालं तर्काचं. कर्माचं उत्तर मला सहन होत नाही याचं कारण मात्र तर्कात नाही.

मागच्या हिवाळ्यात गडचिरोलीकडचा एक मुलगा आमच्याकडे भरती होता. सात वर्षांचा, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, एसएस पॅटर्न, म्हणजे दोष आई-बाप दोघांकडूनही आलेला. थंडी पडली की या लेकरांना क्रायसिस येतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडाच्या आतून कळा सुटतात. मोठी माणसं गुरासारखी ओरडतात त्या दुखण्यानं. मी त्याची शीर शोधत होते. वारंवार सलाईन लावून हातावरच्या शिरा पार गेलेल्या. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं मनगटावर धरून बसले होते, शीर थोडी वर यावी म्हणून. त्याची आजी पलीकडच्या स्टुलावर. कोणीतरी चौकशी केली तशी म्हणाली, "काय सांगू बाई, मागच्या जन्माचं भोगून राह्यला पोट्टा." रागानं नाही, अगदी मायेनं म्हणाली. पोरानं ते ऐकलं. मला म्हणाला, "ताई, मागच्या जन्मी मी कोन होतो?" मी म्हटलं, मला नाही माहीत. थोडा वेळ छताकडे पाहून तोच म्हणाला, "चोर असन."

सुई लागली, सलाईन सुरू झालं, दुखण्याचं औषध दिलं. चार-पाच दिवसांनी घरीही गेला. पण "चोर असन" घेऊन गेला, बाबा. दुखणं त्याच्या शरीरात होतंच. त्यावर ही चोरी आपण चढवली, देवाच्या अब्रूला धक्का लागू नये म्हणून. देव निर्दोष ठरवायचा तर कोणीतरी दोषी धरावा लागतो, आणि सात वर्षांचं पोर वकील लावू शकत नाही.

त्याच खोलीत पलीकडच्या खाटेवर एका बाईची मुलगी होती. बाई बौद्ध, दरवर्षी दीक्षाभूमीवर जाणारी. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला इथे ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या तिला तोंडपाठ. ती मला म्हणाली, "आमच्याकडे देवच नाही ना मॅडम, म्हणून रागवायलाही कोणी नाही. गोळीची वेळ पाहायची." सिकलसेलवरची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी तिनं एक दिवस चुकवली नव्हती. मला तिचा हेवा वाटला. मी अशा घरात वाढले जिथे रागवायला कोणीतरी आहे.

तुमचे बाकीचे मुद्दे मी भरभर घेते, कारण ते तुम्हालाच फारसे पटत नसावेत असं अक्षरावरून वाटलं! माणसाला देवानं स्वातंत्र्य दिलं, त्यातून पाप आलं, हे युद्धाला आणि खुनाला लागू पडेल. तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला कसलं स्वातंत्र्य? दुःखानं माणूस घडतो म्हणता. कोण घडतं? मी घडले असेन थोडी. पण दुसऱ्याच्या लेकराच्या कळांवर माझी घडण होणार असेल तर मी बिनघडलेलीच बरी. आणि 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवते. गणपती विसर्जन करून दमून झोपलेली माणसं, चारच्या सुमाराला दगडमातीची घरं अंगावर आली, जवळपास दहा हजार गेली. आईनं गाठोडं बांधून लुगडी दिली होती मदतीला. कोण घडलं त्यातून?

उलट्या बाजूनंही तेच. 23 सप्टेंबर 2023 ला इथला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा माझी एक मैत्रीण दुसऱ्या मजल्यावर चढून वाचली. "देवानंच वाचवलं गं," म्हणाली. मी काही बोलले नाही. शहरात त्या रात्री माणसं दगावलीही. त्यांच्या घरच्यांसमोर हे वाक्य तिला म्हणता आलं असतं का?

आता जे मला खरंच विचारायचंय ते. सिकलसेलचा दोष एकाच पालकाकडून आला तर माणूस एएस, म्हणजे नुसता वाहक. त्याला सहसा काही त्रास नसतो. उलट मलेरियाच्या जीवघेण्या आजारापासून बरंच संरक्षण मिळतं. 1954 साली अँथनी ॲलिसननं आफ्रिकेत हे दाखवून दिलं. म्हणून जिथे जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हा गुण टिकला, आपल्या विदर्भातही. पण दोन वाहकांचं लग्न झालं की दर बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची. त्या बाळाची पहिले काही महिने काही तक्रार नसते, मग बोटं सुजून रडायला लागतं. आपल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्याच्या दहा-वीस. म्हणजे गावातल्या काहींना मलेरियापासून वाचवायचं, आणि त्याची किंमत त्याच गावातल्या दुसऱ्याच एका बाळानं भरायची. आंधळ्या निसर्गाचा हा हिशेब आहे असं म्हटलं तर मला समजतं. त्यात कोणी कोणाचा विश्वासघात केलेला नाही. पण कोणी सर्वज्ञ बसून, पाहून, समजून ही योजना आखली असेल, आणि मलेरिया नाहीसा करणंही त्याच्या हातात असेल, तर त्याला मी घाबरेन फार तर. भीतीनं वाकणं वेगळं. तुमच्यापुढे मी वाकते ते तुमच्या हातात ताकद होती म्हणून नव्हे. मला टायफॉईड झाला तेव्हा तुमच्या हातात काहीच नव्हतं, तरी दोघंही माझ्या खाटेजवळून हलला नाहीत.

यात मी फार मोठा पाखंडीपणा करतेय असं आईला वाटेल. पण महाभारत मला तुम्हीच वाचून दाखवलंत, बाबा. स्त्रीपर्वात गांधारी कृष्णाला काय म्हणते? तुझ्यात शक्ती होती, माणसं होती, सैन्य होतं, दोन्ही बाजू तुझं ऐकत होत्या, आणि तू जाणूनबुजून कुलनाशाकडे दुर्लक्ष केलंस. मग शाप. छत्तिसाव्या वर्षी तुझंही कुळ असंच आपसात मरेल. आणि कृष्ण तो शाप स्वीकारतो. तिला नास्तिक म्हणून हाकलत नाही, कर्मसिद्धांत शिकवत बसत नाही. व्यासांनी तिची जीभ झडवली नाही. सर्वशक्तिमानावर ठेवलेला यापेक्षा नेमका आरोप मी तरी ऐकलेला नाही, आणि तो आपल्याच पोथीत लाल कपड्यात गुंडाळून देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलाय.

तुम्ही म्हणाल, आणि पत्रात म्हटलंतच, की तुकोबांची बायको दुष्काळात "अन्न अन्न" करीत गेली, "माझे लेखी देव मेला" म्हणण्यापर्यंत त्यांची मजल गेली, पण विठोबा सोडला नाही. जनाबाईनं तर अंगणात उभं राहून शिव्या दिल्या. भक्ती म्हणजे देवाच्या कारभाराला दिलेली पसंती नव्हे, हे तुमचं वाक्य मी अधोरेखित करून ठेवलंय. याला माझ्याकडे उत्तर नाही. तुकोबांना ज्याच्याशी भांडायचं होतं तो त्यांच्या घरातला होता. माझं तसं नातं जुळलंच नाही. लहानपणी तुमच्या मागे गजानन विजयाचं पारायण ऐकत बसायचे, पण माझं लक्ष तुमच्या आवाजाकडे असायचं. नातं नसताना नुसती शिवी दिली तर ती उद्धटपणा होते, आणि नुसता नमस्कार केला तर खोटेपणा. म्हणून मी दोन्ही करत नाही.

परवा मारबत निघाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची आपली पुतळ्यांची मिरवणूक. सुट्टी होती म्हणून कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. तुम्ही मला खांद्यावर बसवून दाखवायचात तशीच गर्दी, काळी आणि पिवळी, मागून बडगे, आणि पोरं ओरडत होती, "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मला या उत्सवाबद्दल एवढं प्रेम का वाटतं ते यंदा उमगलं. तिथे पीडेला कोणी देवाची इच्छा म्हणत नाही, परीक्षा म्हणत नाही. वाईट ते वाईट, गावाबाहेर न्या आणि जाळा. सिकलसेलचा पुतळा करता आला असता तर मी स्वतः दोर धरला असता.

तर आता व्यवहाराचं. देव्हारा मी रोज पुसते, दिवा लावते, आई, तुझ्यासाठी. त्यात खंड पडणार नाही. बाळकृष्ण चिंचेनं घासलाय, चकचकीत दिसतोय. महालक्ष्म्यांना दोघंही पुण्याला येतोय, तिकिटं काढली आहेत. पुरण मी वाटीन, सोळा भाज्या चिरीन, आंबील तुझ्यासारखी जमणार नाही पण ढवळीन. आरतीला तुमच्या मागे उभीही राहीन. हात जोडणार नाही, त्यावरून वहिनीच्या माहेरच्यांसमोर विषय काढू नकोस.

बाबा, गुडघ्यांना मालिश सुरू ठेवा, आणि पत्राचं उत्तर नक्की लिहा. एएसला वाचवायला एसएस का लागावा, एवढ्याच प्रश्नाचं. कर्म सोडून काहीही लिहा.

तुमची,
लेक