पावसजवळ धावून आलेल्या त्या दोघांना थँक्यू

परवा पूर्णगडहून रत्नागिरीला येताना बाबांची जुनी ६ व्होल्टची टू-स्ट्रोक दुचाकी पावस गावाच्या अलीकडे फटफट करून बंद, आणि मी आपला कार्बोरेटरच (पेट्रोल नि हवा मिसळतो तो) खोलत बसलो, त्यातला पायलट जेट फुंकला, फ्लोट हलवून बघितला, काय उपयोग नाही. मग आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो थांबवून एक काका आले, स्पार्क प्लग काढून इंजिनच्या हेडला टेकवला नि म्हणाले मार किक, ठिणगी पिवळट पडतेय बघ, घोळ करंटचा हाय, पेट्रोलचा नाय! खाऱ्या हवेनं अर्थची वायर हिरवी झालेली, पॉइंट (करंट तोडून ठिणगी पाडणारे कॉन्टॅक्ट) काळे. सोबतच्या पोरानं पॉलिशपेपरनं घासून दिले, दुसऱ्या किकला चालू. (मी सगळे जेट उगाच काढले.) पैसे घेतले नाहीत, नावं विचारायची राहिली. दोघांचे मनापासून आभार, आणि काका, पॉइंट जळू नयेत म्हणून असतो तो कंडेन्सर पण बदलला हां.