'एस' नक्की कोणाला लावायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत इंग्रजी अनेकवचनांवर टिपण आले आहे. 'शब्द जोडून आले की एस पहिल्या शब्दाला लावा,' असा सरसकट नियम त्यात दिला आहे. 'मदर्स-इन-लॉ' आणि 'पासर्स-बाय' ही उदाहरणे बरोबर, पण नियम मात्र मुलांना तोंडघशी पाडणारा आहे. मी तो शिकवून स्वतः पडले आहे, म्हणून लिहिते.

एकाच्या वहीत 'पासर-बाय्ज' दिसले, मी लाल रेघ ओढली आणि हाच नियम ऐकवला. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मग 'ग्रोन-अप'चं 'ग्रोन्स-अप' होतं का?" वर्ग हसला. मलाही हसण्यावारी न्यावे लागले, कारण उत्तर सुचले नव्हते.

उत्तर साधे आहे. वाढले काय, ते बघायचे. 'पासर-बाय'मध्ये 'पासर' म्हणजे जाणारा. जाणारे वाढले, एस त्यांना. 'ग्रोन-अप'मध्ये नाम शोधून सापडत नाही, म्हणून अख्खी जोडीच नाम धरायची आणि एस शेवटी: 'ग्रोन-अप्स'. 'फर्गेट-मी-नॉट्स' ही फुले आणि 'मेरी-गो-राउंड्स' हे पाळणे त्याच रांगेतले.

खरी गंमत 'जनरल'ची. 'सेक्रेटरी जनरल'मधला जनरल सेनापती नव्हे, ते विशेषण आहे. १०६६ साली नॉर्मन इंग्लंडात आले आणि पुढे कितीतरी काळ दरबाराचे, कोर्टाचे काम फ्रेंचमध्ये चालले. फ्रेंचमध्ये विशेषण बहुधा नामामागून येते. म्हणून ट्रिग्वे लींपासून अँतोनियो गुटेरेसांपर्यंत संयुक्त राष्ट्रांचे नऊ 'सेक्रेटरीज जनरल' झाले. लष्करातल्या 'मेजर जनरल'मध्ये मात्र जनरल हेच नाम, तिथे 'मेजर जनरल्स'. आणि 'सार्जंट मेजर'चे पुन्हा 'सार्जंट्स मेजर'! 'विमेन डॉक्टर्स'मध्ये तर दोन्ही शब्द बदलतात. तेवढे पाठच करावे.

'मदर-इन-लॉज' ही चूक इतकी का होते, याचाही मला एक अंदाज आहे. 'सासूचे घर' म्हणताना षष्ठीचा एस शेवटीच लागतो: 'मदर-इन-लॉज हाउस'. कानाला तेच सवयीचे होते आणि हात अनेकवचनातही तेच लिहून जातो. लघुरूपांतही असेच. युद्धकैदी 'प्रिझनर्स ऑफ वॉर', पण आद्याक्षरे घेतली की 'पीओडब्ल्यूज'. लघुरूप हा स्वतंत्र शब्द झाला, त्याच्या पोटात कोण नाम होते हे आता कोणी विचारत नाही.

'कोर्ट्स मार्शल' आणि 'कोर्ट-मार्शल्स' ही दोन्ही रूपे शब्दकोशांत आहेत. तिथे गुण कापण्याचा अट्टहास नको. 'स्पूनफुल'बाबत मात्र मी हटून बसेन. एकच चमचा तीनदा भरून औषध घेतले तर ते 'थ्री स्पूनफुल्स'. 'थ्री स्पून्स फुल' म्हणाल तर समोर तीन चमचे काठोकाठ भरून ठेवलेले हवेत.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापाल तर 'ग्रोन-अप्स'चे उदाहरण जरूर घ्या. ते माझे नाही, मागच्या बाकाचे आहे.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका