अँटेनाच्या वेळापत्रकाचा पडदा

प्रिय अभि,

उपग्रहांशी बोलणाऱ्या अँटेनांचं दिवसाचं वेळापत्रक दाखवणाऱ्या पडद्याचं तुझं कच्चं चित्र पाहिलं. दिसायला झकास आहे, पण शेड्यूलरच्या, म्हणजे कुठली अँटेना कधी कुणाला द्यायची ते ठरवणाऱ्या माणसाच्या हाती दिलंस तर दुसऱ्या दिवशी तो एक्सेलवर परत जाईल.

साधा हिशोब कर. दिवसाची 1440 मिनिटं तू 1920 पिक्सेलमध्ये बसवलीस. 500-600 किलोमीटरवरच्या उपग्रहाचा पास (तो डोक्यावरून जाताना अँटेनाला दिसतो तेवढा वेळ) फार तर 10-12 मिनिटांचा, म्हणजे त्याची पट्टी 13 ते 16 पिक्सेलची. त्यात नाव मावत नाही, आणि माउसनं धरायला जावं तर शेजारचीच हलते. वर अख्ख्या दिवसाची बारीक पट्टी ठेव, खाली दोन तासांची मोठी. तिथे मिनिटाला 16 पिक्सेल मिळतात.

खरी मेख पुढे आहे. तू फक्त बुक केलेली वेळ दाखवलीस. उपग्रह अँटेनाला कधीपासून कधीपर्यंत दिसतो, ती खिडकी मागे फिकट रंगात हवी. 10 मिनिटांच्या पासमध्ये 10 मिनिटंच मागितली असतील तर सरकायला जागाच नाही. भूस्थिर उपग्रह (आकाशात एकाच जागी दिसणारा) मात्र दिवसभर समोर असतो. त्याचं सकाळचं काम दुपारी गेलं तरी बहुतेकदा चालतं. एकाच अँटेनावर एकाच वेळी दोघांची कामं भिडली की तू दोन्ही पट्ट्या लाल करतोस, मग माणसानं हलवायची कुठली? प्रत्येक पट्टीवर सवडीची, म्हणजे ती किती सरकू शकते ती मिनिटं आकड्यात लिही. दोन पासांमध्ये अँटेना वळवायला आणि रिसीव्हरची जुळणी करायला लागणारा वेळ तिरक्या रेघांनी भर (रंगानं नको, लाल-हिरवा फरक न दिसणारे लोक असतात). हा वेळ दिसला नाही की वेळापत्रक पडद्यावर बसतं आणि स्टेशनवर फसतं.

घड्याळ यूटीसीचंच (जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेचं) ठेव, शेजारी भारतीय वेळ. आपल्याकडे पहाटे 5:30 ला यूटीसीची तारीख बदलते; तिथे ठळक उभी रेघ मार, नाहीतर पास आदल्या दिवशी नोंदला जातो.

'आपोआप जुळवा' हे बटण लागेलच. अमेरिकी हवाई दलाच्या उपग्रह-अँटेनांच्या जाळ्यात 1992 मध्येच 16 अँटेनांसाठी दिवसाला सुमारे तीनशे मागण्या असत. पण एका उशिरा आलेल्या मागणीसाठी ते बटण सगळं वेळापत्रक ढवळून टाकतं. कळवून झालेले पास कुलूपबंद ठेव, हललेल्यांची जुनी जागा पुसट दाखव, आणि एकेक बदल मान्य करायची किंवा नाकारायची सोय दे.

पुढचं चित्र रिकाम्या दिवसाचं नको. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरच्या स्टेशनला ध्रुवीय (ध्रुवांवरून फिरणारे) उपग्रह जवळपास दर फेरीला दिसतात, म्हणून गर्दी तिथेच. तिथल्या एका अँटेनावर तीन पास भिडलेत, दुसरी दुरुस्तीला काढलीय, असा दिवस भरून पाठव.

तुझा,
सुहास