सुमे, थेंब घालू की थांबू?

दादर, मुंबई

प्रिय सुमे,

गणपतीनंतर लिहीन म्हटलं होतं, आता दुकानांत कंदील लागलेत. फोनच केला असता, पण फोनवर तू मधेमधे बोलतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. इथे सगळं ठीक. सासूबाई बऱ्या आहेत, ह्यांचा गुडघा होता तिथेच आहे, माझी शुगर नॉर्मल.

मला डोळ्यांत प्रेशर निघालंय.

चष्म्याचा नंबर काढायला गेले, तर तिथल्या पोराने ते हवा फुंकणारं मशीन लावलं आणि दोन-तीनदा फुंकून गप्पच झाला. उजवा 27, डावा 25. एकवीसपर्यंत चालतं म्हणे, त्यावर गेलं की डोळ्याची नस खराब होऊन काचबिंदू व्हायची भीती. "घरात कोणाला काचबिंदू?" त्याने विचारलं नि मला अण्णा आठवले, ते दादरच्या पुलावरचे. तुला काय सांगायचं, हात तूच धरला होतास. लोकांना वाटतं काचबिंदू म्हणजे सगळा अंधार. अण्णा शेवटशेवटपर्यंत पेपरातलं बारीक अक्षर वाचायचे नि पायापुढची पायरी त्यांना दिसायची नाही, हे ज्याने बघितलंय त्यालाच कळतं. म्हणून घरात मला धड सांगता येत नाही. हे म्हणतात, "थेंबच ना? घाल की." चिन्मय म्हणतो, "आई, अजून काही झालंच नाहीये, औषध कशाला?" दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.

पहिल्या डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात जन्मभराचे थेंब लिहून दिले. कॉर्नियाची, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याची, जाडीसुद्धा मोजली नाही. ती चिठ्ठी पर्समध्ये कोंबली नि परळला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी दुपारभर बसवलं. पिवळा थेंब घालून निळ्या दिव्याने प्रेशर परत मोजलं, 26 नि 25. डोळ्यातलं पाणी निचरतं तो आतला कोन उघडा, नसेचं ओसीटी स्कॅन चांगलं. मग फील्ड टेस्ट. अंधाऱ्या खोलीत एक डोळा झाकून, हनुवटी टेकवून समोरच्या ठिपक्याकडे बघत बसायचं आणि कडेला कुठे उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. काही उजेड इतके फिके की दिसला की भास झाला तेच कळेना. मी आपली घाबरून दिसेल न दिसेल तिथे दाबत सुटले. रिपोर्ट आला: फॉल्स पॉझिटिव्ह फार, भरवशाचा नाही, पुन्हा करा. तिथल्या तिथे तुझी आठवण झाली. रुईया कॉलेजच्या क्विझमध्ये प्रश्न संपायच्या आत बझर दाबून आपली हातातली ढाल घालवलीस ना, तश्शी! (अजून म्हणतेस प्रश्न चुकीचा होता. नव्हता.) दुसऱ्या खेपेला शहाण्यासारखी बसले. फील्ड स्वच्छ.

म्हणजे काचबिंदू नाही, नुसतं प्रेशर. पण कॉर्निया 520 मायक्रॉन. हा पातळ समजतात. पातळ असला की मशीन प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकतं, आणि पातळ कॉर्निया हाही एक धोकाच. वर अण्णांचा वारसा.

बाईंनी अमेरिकेतला एक अभ्यास सांगितला, 2002 सालचा. सोळाशेच्या वर माणसं, सगळी माझ्यासारखी, प्रेशर आहे पण नुकसान नाही. निम्म्यांना थेंब, निम्म्यांची नुसती तपासणी. पाच वर्षांत बिनथेंबवाल्यांतल्या 9.5 टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंबवाल्यांतल्या 4.4 टक्के. चिन्मयचा हिशेब तयार: म्हणजे शंभरातले नव्वद उगाच थेंब घालत बसले असते! खरंय. पण त्याच लोकांचं वीस वर्षांनी बघितलं, तर 46 टक्के लोकांना एका तरी डोळ्यात काचबिंदू होऊन गेला होता. मी सत्तावन्नची. आमच्याकडच्या बायका नव्वदीपर्यंत हलत नाहीत. पाच वर्षांचा हिशेब घेऊन मी काय करू? बाई म्हणाल्या, धोका कमी असेल तर थांबून फारसं बिघडत नाही, जास्त असेल तर लवकर सुरू केलेलं बरं. मी कुठल्यात? "मधल्याच्या जरा वर." आता ही काय रांग झाली?

थेंबांचंही सोपं नाही. टिमोलॉल मला दम्यामुळे वर्ज्य. उरलं मुख्यतः रात्रीचं लॅटानोप्रॉस्ट. त्याने काहींचे डोळे लाल होतात, भोवतीची कातडी काळवंडते आणि पापण्या लांब नि दाट होतात! नलूवन्संना वाटेल मी ह्या वयात खोट्या चिकटवल्या. अण्णा ते जुने पिलोकार्पिनचे थेंब घालून कपाळ धरून बसायचे, तसलं आता नाही, हे कळतं गं. पण हात मागे येतो. तिसरी वाट लेझरची, एसएलटी म्हणतात, त्याने पाण्याचा निचरा सुधारून प्रेशर उतरतं. 2019 साली इंग्लंडात असं निघालं की आधी लेझर केलेल्या बहुतेकांना तीन वर्षं थेंब लागलेच नाहीत. असर ओसरतो, पण पुन्हा करता येतं. माझं मन तिकडे झुकतंय.

तुझी रिटायरमेंट झाली ना? निरोपाचे फोटो धाड. ऋताचं जमलं ते मला तिसऱ्याकडून कळलं, ह्यावर सवडीने भांडू.

खरं काम आता सांगते. बाईंनी विचारलं, "भावाचे डोळे तपासलेत?" काय बोलणार? सख्ख्या भावंडांत हा निघतो. दादाला निघाला तर मी एक दिवस थांबणार नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःला कळायला हवं. गिरगावच्या खोलीवरून भांडलो तेव्हापासून तो माझा फोन घेत नाही. त्या भांडणात तू त्याची बाजू घेतलीस, ती मी विसरलेली नाही. तिचा आता तरी उपयोग होऊ दे. नाशकात तुझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहतो, तुझं ऐकतो. "मला लांबचं लख्ख दिसतं" म्हणेल. अण्णाही तेच म्हणायचे, हे तूच त्याला सांग. माझं नाव घेऊ नकोस, नाहीतर मुद्दाम जाणार नाही. तुझ्याच डोळ्यांचं निमित्त काढ नि सोबत ने. चष्म्याच्या दुकानात नको, प्रेशर आणि आतली नस दोन्ही बघणारा डॉक्टर गाठ. रिपोर्टचा फोटो मला टाक. माझी पुढची तारीख दिवाळीनंतर आहे, त्याच्या आत मिळाला तर बरं.

तुझी,
नीला