बाळंतविडा नंतर, आधी आईचा डबा

इंदूरच्या समस्त मराठी मंडळींना सप्रेम नमस्कार.

टोपडी, दुपटी, लोकरीचे मोजे यांची आपल्या महिला मंडळाला कधी वाण पडलेली नाही. बाळ झालं की देणारे हात आपसूक पुढे येतात. या वेळी मात्र आम्ही मदत मागतोय ती बाळ पोटात असतानाची, पाचव्या महिन्यापासूनची: बांधकामावर राबणाऱ्या गरोदर बायकांच्या खाण्याच्या डब्यासाठी.

जन्मतः अडीच किलोच्या आत भरलेलं बाळ कमी वजनाचं समजतात. काही बाळं 37 आठवडे भरण्याआधीच येतात म्हणून लहान असतात, तर काहींचे दिवस पूर्ण भरतात पण पोटातच वाढ खुंटते. अशा बाळाचं अंग पटकन गार पडतं, रक्तातली साखर उतरते, जंतुसंसर्ग लवकर होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) ज्या बाळांचं वजन नोंदलं गेलं, त्यांतली सुमारे 18 टक्के अडीच किलोच्या आतली होती. गरोदर बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींच्या अंगात रक्त कमी होतं. या दोन आकड्यांचं नातं जवळचं आहे.

शहराच्या कडेला नव्या इमारती उठताहेत, तिथे झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानीकडची कुटुंबं झोपड्या घालून राहतात. सातवा महिना लागलेली एक मुलगी डोक्यावर विटांची तगारी घेऊन जिना चढताना आमच्या कार्यकर्त्यांनी पाहिली. वय एकोणीस, आणि खाली वाळूत खेळणारं वर्षाचं पोर तिचंच. लोहाच्या गोळ्यांची पट्टी तिने पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलेली. त्यातल्या दोनच घेतलेल्या, त्याही चहाबरोबर. चहाने लोह अंगी लागत नाही, आणि गोळीने शौचाला काळं होतं त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गावाकडचं तपासणीचं कार्ड गावातच राहिलेलं.

कमी वय, दोन बाळंतपणांत अंतर नाही, रक्त कमी, दिवसभराचं ओझं, चुलीचा आणि घरातल्यांच्या विडीचा धूर. बाळाची वाढ रोखणारी एवढी कारणं एकाच पोरीच्या वाट्याला. शिवाय तिकडच्या भिल्ल समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, त्याची तपासणी व्हायलाच हवी. "जास्त खाल्लं की बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अडतं" ही समजूत तर आपल्या घरांतही ऐकू येते. ती कृपा करून सोडा. वाढलेला रक्तदाबही घर बघून येत नाही. 140/90 च्या वर गेला तर वारेतून बाळाकडे जाणारं रक्त कमी पडू शकतं, आणि आईला सुरुवातीला काही जाणवतही नाही. मोजल्याशिवाय कळणार कसं?

जिथे पोटभर मिळत नाही तिथे गरोदर बाईला ऊर्जा आणि प्रथिनं मिळतील असा समतोल आहार जास्तीचा द्यावा, असं जागतिक आरोग्य संघटना 2016 पासून सांगते आहे. म्हणून हा डबा: भाजके चणे, शेंगदाणे, गूळ, मूगडाळ, सातू आणि थोडं तूप. एका बाईच्या महिन्याच्या डब्याला साधारण हजार रुपये लागतात. ज्यांच्या घरी डोहाळजेवण आहे त्यांना खास विनंती, आपल्या लेकीसुनेच्या ओटीबरोबर अशा एका अनोळखी लेकीची ओटी भरा. बाळंत होईपर्यंतचे डबे एकाच घराने उचलले तर फारच उत्तम.

पैशाइतकीच माणसंही हवीत. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, पण रोज बुडतो म्हणून या बायका जात नाहीत. त्यांना गाडीतून नेणारं, रांगेत सोबत थांबणारं आणि त्यांचं पोर तेवढा वेळ सांभाळणारं कुणीतरी लागतं. निवृत्त मंडळींनी हे मनावर घ्यावं. बुडालेला रोज भरून देण्यासाठी वेगळा निधी ठेवला आहे. कुणाकडे चालू स्थितीतलं रक्तदाबाचं यंत्र किंवा वजनकाटा पडून असेल तर तोही द्या. आपल्यातल्या परिचारिका आणि डॉक्टर भगिनींनी महिन्यातली एक सकाळ वस्तीवर दिली, तर पोटाला टेप लावून वाढ बघणं तिथल्या तिथे होईल.

रोख रकमेची पावती मिळेल. शिधा निवडून, कोरडा आणि बंद पिशवीत द्यावा, उघडं तूप आणू नये. मंडळाचं रामबागेतलं कार्यालय रोज संध्याकाळी 5 ते 7 उघडं असतं. पहिले डबे येत्या 9 तारखेच्या तपासणीनंतर वाटायचे आहेत, तेव्हा सामान 6 तारखेपर्यंत पोचवावं आणि गाडी देणाऱ्यांनी 7 तारखेला नाव नोंदवावं.