उत्तरेच्या खिडकीतले ऊन

वाई,
१६ मे

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. नागपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आहे, कूलरला दिवसातून दोनदा पाणी भरावे लागते आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, हे वाचून तुझी फार काळजी वाटली. त्याच पत्रात तू विचारले आहेस, की १,३०० मीटरहून अधिक उंचीवरचे महाबळेश्वर तासाभराच्या अंतरावर असताना मी मे महिना वाईतच का काढते, आणि या उकाड्यात माझे लिहिणे होते तरी कसे. तू हे सहज विचारले असशील, पण त्याचे उत्तर मला सविस्तर द्यावेसे वाटते, कारण गेली काही वर्षे मी उन्हाळ्याची वाट पाहू लागले आहे आणि ती का पाहते हे अजून कोणालाच नीट सांगितलेले नाही.

माझ्या लिहिण्याच्या टेबलासमोरची खिडकी उत्तरेकडे उघडते, हे तुला ठाऊक आहेच. थंडीच्या दिवसांत तिच्यातून उजेड येतो, पण ऊन कधीच येत नाही. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेकडे सरकून उगवू लागतो आणि मे महिन्यापर्यंत तो इतका सरकलेला असतो, की सकाळी साडेसहाच्या सुमारास उजव्या हाताच्या चौकटीला चाटून उन्हाची एक अरुंद पट्टी आत शिरते आणि खिडकीच्या डाव्या बाजूच्या जाड, चुना दिलेल्या भिंतीवर पडते. टेबलावर ते ऊन थेट येत नाही, पण त्या पांढऱ्या भिंतीवरून परतलेला मऊ, किंचित पिवळसर उजेड माझ्या कागदावर पसरतो आणि तेवढ्या वेळात जे लिहून होते ते मला दिवसभरात इतर वेळी साधत नाही. या दिवसांत मी पाचला उठते, चहा घेते आणि ऊन येण्याच्या आधी टेबलाशी बसलेली असते. आठ वाजले की पट्टी नाहीशी झालेली असते आणि माझे त्या दिवसाचे खरे लेखनही बहुधा संपलेले असते. बाकीचा दिवस उन्हाच्या हवाली करायचा, हे एकदा मान्य केल्यावर उकाड्याशी भांडण उरत नाही.

याच खिडकीबाहेर यंदा एक फार मोठा आनंद माझ्या वाट्याला आला. जाईच्या वेलाला आधार म्हणून बांधलेल्या तारेच्या टोकाला शिंजीर पक्ष्याच्या मादीने घरटे केले. मार्चच्या शेवटी ती कोळ्याची जाळी चोचीत घेऊन खिडकीच्या कोपऱ्यांतून भिरभिरताना दिसे, तेव्हा तिचा बेत माझ्या लक्षात आला नव्हता. मग एके सकाळी तारेवरून एक लांबोळके, लोंबते बोचके दिसू लागले. वाळकी पाने, सालीचे तुकडे, गवताच्या काड्या असे सारे कोळिष्टकांनी एकमेकांना चिकटवलेले होते, बाजूला एक छोटे दार होते आणि दारावर उन्हापावसापासून आडोसा म्हणून एक पुढे आलेले छप्परही होते. दुरून पाहणाऱ्याला तो वाऱ्याने अडकलेला कचराच वाटावा आणि शत्रूची नजर चुकावी, अशी ती रचना असते. नर आपल्या चकचकीत रंगांनिशी जवळच्या जास्वंदीवर बसून सतत बोलत राहतो. घरटे बांधण्याचे आणि अंडी उबवण्याचे काम मात्र मी पाहिले तेवढे सगळे मादीनेच केले.

आता आश्चर्याची गोष्ट सांगते. माझ्या जुन्या पुस्तकाच्या, छपाईआधी तपासायला आलेल्या मुद्रितांचे कागद मी फाडून परसातल्या पालापाचोळ्याच्या खड्ड्यात टाकते. एक दिवस घरट्याकडे निरखून पाहताना त्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटवलेली कागदाची एक बारीक पट्टी दिसली आणि तिच्यावर छापील अक्षरे होती. ती वाचता येण्याइतकी जवळ मी गेले नाही, जायचेही नव्हते. पण त्या पुस्तकाच्या कुठल्या तरी ओळीचा तुकडा आता दोन पिल्लांच्या घराची भिंत झाला आहे, या विचाराने मी दिवसभर भरून पावले होते. पुस्तकाविषयी आजवर आलेल्या कुठल्याही अभिप्रायाने मला इतका आनंद दिलेला नाही, हे अगदी मनापासून लिहिते आहे. पिल्ले गेल्या आठवड्यात उडून गेली.

आठनंतरचे घर शेजारच्या बायकांचे असते. आमच्या मागच्या गच्चीवर अजून वाळवणे घातली जातात आणि मे महिन्यात कुरडयांची पाळी येते. तीन दिवस भिजवलेले गहू, रोज बदललेले पाणी, मग वाटणे, गाळणे, चीक खाली बसू देणे, हे सगळे तू लहानपणी आपल्या गावात पाहिलेले आहेस, म्हणून त्याचे वर्णन करत नाही. पण पातेल्यात शिजून पारदर्शक होत आलेला गरम चीक वाटीत घेऊन, त्यावर तूप आणि साखर घालून गच्चीच्या पायरीवर बसून खाण्याची चव तुला नागपुरात कोणी देत असेल का, याची मला खरोखर शंका वाटते. सोऱ्या फिरवण्याचे बळ आता माझ्या मनगटात नाही, त्यामुळे राखणीचे काम माझ्याकडे असते. कावळे आणि चिमण्या हाकत मी जिन्याच्या सावलीत मुद्रिते तपासते. घरातल्या शांततेत नजरेतून सुटलेली चूक तिथल्या गडबडीत अचूक दिसते, असा माझा अनुभव आहे.

त्या गच्चीवरच गेल्या रविवारपासून शेजारच्या आजींनी एक बदल केला. आजवर कठड्याच्या दक्षिण बाजूच्या भिंतीपासून बरेच दूर मांडलेली वाळवणाची खाट त्यांनी भिंतीला अगदी खेटून मांडायला सांगितली, कारण 'आता दुपारी भिंतीची सावली इकडे पडत नाही.' त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि खगोलशास्त्राचे पुस्तक त्यांनी कधी हातात धरलेले नाही. पण त्यांनी सांगितलेली गोष्ट काटेकोर खरी आहे. वाईला ११ मेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. त्यानंतर ऑगस्टच्या आरंभापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. वर्षभर उत्तरेकडे पडणारी सावली तेवढे दिवस दुपारी दक्षिणेकडे पडते आणि जी जागा एरवी सावलीत असते तिला ऊन मिळते. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या सगळ्या गावांना वर्षातून दोनदा हे भाग्य लाभते. आपला दुसरा दिवस भर पावसाळ्यात येतो, म्हणून ढगांमुळे तो बहुधा दिसतच नाही. उरतो तो मे महिन्यातला दिवस.

मी ११ तारखेला साडेबाराच्या आधीच गच्चीवर गेले होते. एक सरळ कडांचा उंच डबा उन्हात ठेवला आणि आळीतली मुले भोवती जमली. सावली हळूहळू आखडत गेली आणि १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास डब्याच्या बुडाशी एक रेघही उरली नाही. तुळशीवृंदावन सावलीवाचून उभे होते, दोरीवरच्या कपड्यांच्या सावल्या दोरीच्या नेमक्या खाली आल्या होत्या, आणि एका मुलीने उडी मारून पाहिली तेव्हा तिची सावली क्षणभर तिच्या पायांपासून सुटून जमिनीवर तशीच राहिली. मग सगळ्याच मुलांनी उड्या मारल्या. आजी जिन्याच्या दारात उभ्या राहून पाहत होत्या आणि एवढ्याशा गोष्टीसाठी घड्याळ कशाला लागते, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. मला त्यांचा फार हेवा वाटला. जे मी पंचांग, नकाशा आणि घड्याळ घेऊन शोधले, ते त्यांनी नुसत्या गव्हाच्या चिकासाठी ऊन शोधता शोधता जाणून घेतले होते.

दुपार मी विश्वकोशाला देते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो मराठी विश्वकोश आपल्या गावात घडला, याचा अभिमान तुला माझ्याइतकाच आहे. खिडक्यांना वाळ्याचे पडदे सोडून, माठातल्या पाण्याचा तांब्या शेजारी घेऊन मी एखादा खंड उघडते. शोधायला जाते एक नोंद आणि वाचत बसते तिच्या पुढची. कामाच्या दिवसांत अशा वाचनाला वेळ नसतो आणि थंडीत उन्हात बसण्याचा मोह होतो. मे महिन्याची दुपारच अशी आहे, की माणसाला घरात कोंडते आणि हातात जाडजूड पुस्तक देते.

संध्याकाळी ऊन उतरले की घाटावर जाते. कृष्णेचे पाणी आटलेले असल्यामुळे ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची, माशाच्या आकाराची भिंत आता पायापर्यंत पाहता येते. १७६२ साली सरदार रास्त्यांनी देऊळ बांधताना पुराचे पाणी दुभंगावे म्हणून ती तशी घडवली. पुराच्या दिवसांत तिचे काम कळते, पण तिचे रूप उन्हाळ्यातच दिसते.

वळवाचा पाऊसही एकदा येऊन गेला. दुपारी चारच्या सुमारास पांडवगडाच्या बाजूने ढग चढले, वारा सुटला, थोड्या गारा पडल्या आणि अर्ध्या तासात पुन्हा ऊन पडले. वाळवण उचलायला सगळी आळी गच्चीवर धावली होती. मातीच्या त्या वासाविषयी इतके लिहून झाले आहे, की मी त्यात भर घालत नाही. एवढेच सांगते, की मातीतले सूक्ष्मजीव तयार करतात ते एक द्रव्य त्या वासाच्या मुळाशी असते आणि कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीचा वास चंदनाच्या तेलात उतरवतात. ते अत्तर मला कधीतरी हुंगून पाहायचे आहे.

आता तुला एक काम सांगते. जो शून्य सावलीचा दिवस मी पाहिला, तो उत्तरेकडे सरकत सरकत तुझ्या नागपूरला २६ मे रोजी पोहोचतो, म्हणजे नवतपा, उन्हाळ्यातले ते सर्वांत तापलेले मानलेले नऊ दिवस, लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी. तुझे गाव माझ्यापेक्षा पाच अंशांहून थोडे अधिक पूर्वेला असल्यामुळे तुझ्याकडे ती वेळ वीस मिनिटे आधी, १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास येईल. डोक्यावर ओला पंचा घे, पायांत चपला घाल, उंच डबा गच्चीवर ठेव आणि पाच मिनिटांपेक्षा अधिक थांबू नकोस. तुझ्या नातवंडांना उड्या मारायला सांग. काय दिसले ते सविस्तर लिही. तुझ्या घराच्या उत्तरेच्या खिडकीत या दिवसांत सकाळी ऊन येते का, तेही पाहून कळव. मला वाटते, येत असणार.

कुरडया पोस्टाने पाठवत नाही, वाटेत त्यांचा चुरा होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात आळीतले एक कुटुंब नागपूरला यायचे आहे, त्यांच्याबरोबर डबा देईन. घरातल्या थोरांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
वाईची मैत्रीण